प्याल्याचे ऋण

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून दारूपायी मोडलेला संसार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक सुधाकर आणि एक सिंधू उभी राहते. एकाने प्यावे, दुसरीने सोसावे. पाप कुणाचे, पुण्य कुणाचे, याचा निवाडा प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या करून टाकतो. पण प्याला सिंधूच्याही हाती असता तर?

१९६२ सालच्या ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या अमेरिकन चित्रपटात तो तसा आहे. ज्यो पिणारा. कर्स्टन दारूला शिवतही नसे. तिला आवड चॉकलेटची. ज्योने तिला चॉकलेटच्या चवीचे मद्य पाजले. येथे तळीराम बाहेरून येत नाही. नवराच तळीराम होतो. लग्नानंतर दोघेही बुडतात. पुढे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या १९३५ साली सुरू झालेल्या मंडळाच्या आधाराने ज्यो सावरतो. कर्स्टन सावरत नाही.

जिला आपण पाण्यात ओढले, तिला मागे ठेवून काठावर येण्याचा त्याला अधिकार आहे काय?

प्रथमदर्शनी वाटते, नाही. सप्तपदीचे सातवे पाऊल सख्याचे. शिवाय दोघे मिळून पितात त्या घरात एक विलक्षण जिव्हाळा असतो. तिथे बोल लावणारे कुणीच नसते. माझ्या वर्गात एका बाकावरची दोन मुले एकमेकांचे चुकलेले गणित उतरवून घेतात, तेव्हा आपले उत्तर बरोबर आहे अशी दोघांचीही खात्री असते. का? तर ते जुळते!

ज्योही एकदा तिच्या सोबतीसाठी पुन्हा पितो. तिचे काय भले झाले? बुडणारी एक होती, ती दोन झाली.

म्हणून मला वाटते, ऋण खरे; पण ते प्याला भरून फिटत नाही. कर्स्टन परत येते तेव्हा ज्यो दार उघडतो, मात्र दारू सोडलीस तरच, म्हणतो. आत लहान मुलगी निजलेली असते. त्या पोरीसाठी एक तरी माणूस शुद्धीवर हवे.

कर्स्टन रात्रीच्या अंधारात निघून जाते. तिला दगड मारणे सोपे आहे. पण जडलेले व्यसन नुसत्या निश्चयाने सुटत नाही. एकाएकी सोडले तर झटकेही येतात, डॉक्टर लागतो. आणि आपण तर, बाई पिते एवढे कळताच, तिला पहिला प्याला कुणी दिला हे विचारायचेही विसरतो. ज्योला ते विसरता येणार नाही. तिच्यासाठी दार उघडे ठेवायचे आणि स्वतः कोरडे राहायचे, हेच त्याचे ऋण. आणि ते त्याला रोज फेडावे लागेल.