वाफ आणि वाटणी



आजच्या पहिल्या वाचनात उपदेशक आपल्याला खडसावतो. माणूस शहाणपणाने, कष्टाने जे उभारतो, ते ज्याने त्यासाठी बोटही हलवले नाही अशाच्या हाती सोडून जातो. सारे व्यर्थ! मग पहाटे उठून वाडीला पाणी देणाऱ्याने, लोकलला लोंबकळत कामावर जाणाऱ्याने हे ऐकून स्वस्थ बसावे काय?

तसे नाही. आपण ज्याचे भाषांतर ‘व्यर्थ’ असे करतो तो मूळ हिब्रू शब्द आहे ‘हेवेल’. त्याचा अर्थ वाफ, श्वास. वाफ निरुपयोगी नसते. ती मुठीत धरून ठेवता येत नाही, इतकेच. म्हणूनच हाच उपदेशक पुढे सांगतो की, खाणेपिणे आणि आपल्या श्रमात सुख मानणे ही देवाच्या हातची देणगी आहे.

शुभवर्तमानात (लूक १२:१३-२१) गर्दीतला एक जण येशूला विनवतो की, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि मूर्ख धनवानाचा दाखला सांगतो. त्या धनवानाने चोरी केली नव्हती. जमीनच भरघोस पिकली होती. पण तो बोलतो ते फक्त स्वतःशी. त्याच्या विचारात ना भाऊ, ना शेजारी, ना मजूर. शेवटी त्याच्याशी बोलतो तो देव, आणि तोवर त्याची शेवटची रात्र आलेली असते.

आम्हा धर्मगुरूंना एक गोष्ट सलते. वडिलांच्या पुण्यतिथीची मिस्सा दोघे भाऊ सांगतात, पण वेगवेगळ्या दिवशी. दोघांच्या मध्ये दोन गुंठे जमीन असते. हक्क मागणे पाप नव्हे. अन्याय झालेल्याने गप्प बसावे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकात भावाच्या हातून मेलेल्या हाबेलचे नाव म्हणजे हाच शब्द: हेवेल. केवळ पैसाअडका वाफ नव्हे, भाऊही वाफच आहे. जमीन आपल्यामागेही इथेच राहील. भाऊ राहणार नाही, आपणही राहणार नाही. मग घाई कशाची करायची, वाटणीची की भेटीची?

येणाऱ्या पुण्यतिथीची मिस्सा सांगायला दोघांनी मिळून या. तेवढ्याने वाटणी होणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण त्या दिवशी एका बाकावर बसा आणि शांतीचे चिन्ह आधी एकमेकांना द्या.

तुमचे प्रमुख धर्मगुरू