राज्याची पारख
राज्य न्यायी कीं अन्यायी, हें कशावरून ओळखावें? ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार येथें तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनीं गोळ्या झाडिल्या. शाळकरी शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती मरण पावले. ४ जून १९८९ रोजीं पेकिंग शहरांत साम्यवादी सरकारच्या सैन्यानें विद्यार्थ्यांची लोकशाहीची मागणी रक्तांत बुडविली. तेथें त्यांचें जाहीर स्मरण करणें आजही मना आहे. एक राज्य परक्यांचें, दुसरें श्रमिकांच्या नांवाचें. कृत्य मात्र एकच. म्हणून राज्याची पारख नांवावरून नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्या लेकरांस तें कसें वागवितें ह्यावरून करावी, असें आम्हांस वाटतें. हीच कसोटी आपणांसही लागू आहे. मंडळीच्या बैठकींत एखाद्या पोरानें वर्गणीचा हिशेब विचारिला, तर आपण वही उघडतों, कीं त्यासच दटावितों?