लिहिणें आणि गिरवणें

मराठींत 'लिहिणें' या एकाच शब्दानें आपण दोन अगदीं निराळीं कामें सांगतों. पाटीवर अक्षर वळणदार काढणें हें एक. मनांत आलेलें वाक्य कागदावर उतरविणें हें दुसरें. पहिलें हाताचें काम आहे. त्याला गुरु लागतो, आणि त्यांत चूक-बरोबर ठरवितां येतें. दुसऱ्यांत गुरूचा अधिकार कोठवर चालावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आणि तो पंडितांच्या आधीं नवशिक्या शिक्षिकेलाच गांठतो.

डोंबिवलीजवळच्या एका गांवांत, अध्यापक विद्यालयाच्या एका छात्राध्यापिकेनें दुसरीच्या वर्गावर घेतलेल्या सराव-पाठाची हकीकत आम्हीं तिच्याच तोंडून ऐकिली. विषय होता 'माझी आई'. टाचणांत ठरल्याप्रमाणें तिनें फळ्यावर नमुन्याचीं वाक्यें लिहिलीं, आणि बहुतेक मुलांनीं तीं इमानानें उतरून घेतलीं. त्यामुळें पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांच्या आया सारख्याच प्रेमळ निघाल्या. एका आगरी मुलीनें मात्र फळ्याकडे न पाहतां लिहिलें : 'माजी आई पानी भराला जाते. कालोख असतो.' लाल पेन्सिलीला येथें चार चुका मिळतात. मागच्या बाजूस निरीक्षक बसलेले होते. बाईंनीं पेन्सिल खालीं ठेवली आणि विचारिलें, "काळोखाची भीति नाहीं वाटत, बाळा?" मुलगी बोलली नाहीं, मान खालीं घालून तिनें तिसरें वाक्य लिहिलें : 'मी बॅटरी धरते.' निरीक्षकांचा शेरा पडला, 'शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष.'

हा शेरा आम्हांला सर्वस्वीं खोटा म्हणवत नाहीं. प्रमाण भाषेवर त्या मुलीचाही हक्क आहे. तिचें 'पानी' कौतुकानें तसेंच ठेवणारी दया पुढें परीक्षेच्या दारांत तिच्या उपयोगीं पडणार नाहीं. सुशिक्षितांना बोलीचें कौतुक परवडतें, कारण त्यांच्या मुलांचें 'पाणी' घरींच शुद्ध झालेलें असतें! परंतु त्या चुका कसल्या, हेंही पाहावें. उत्तर कोंकणच्या आगरी-कोळी बोलींत 'ण'च्या ठिकाणीं 'न' आणि 'ळ'च्या ठिकाणीं 'ल' येतो तो नियमानें, आळसानें नव्हे. 'बोलतां तसें लिहा' असें आपणच सांगतों. मुलीनें कानाशीं प्रामाणिक राहून तसेंच लिहिलें.

ज्या जिल्ह्यांत हें घडलें, त्याच ठाणें जिल्ह्यांत या प्रश्नाचा विचार पूर्वीं झालेला आहे. 1926 सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बाल शिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्यें बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्यें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. (हीं गांवें 2014 पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात.) मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणांत न्यावी, ही त्यांची अंगणवाडीची कल्पना. ज्या माँटेसरी पद्धतीचा त्यांनीं स्वीकार केला, तींतही लेखनाचीं दोन कामें मुद्दाम वेगळीं ठेविलेलीं आहेत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मूल वळण शिकतें. आणि हात पेन्सिलीला तयार होण्यापूर्वींच सुटीं अक्षरें जुळवून आपल्या मनांतला शब्द मांडतें. रोममध्यें 1907 सालीं उघडलेल्या पहिल्या बालगृहांत मुलें वाचण्याच्या आधीं लिहूं लागलीं, तीं याच वाटेनें.

आमच्या मतें बाईंनीं केलें तें याच वाटेवरचें होतें. वाक्य हें प्रथम कोणाला तरी सांगितलेलें असतें. सांगितलेल्याला उत्तर देणें हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो आठ वर्षांच्या मुलीसही लागू पडतो. घरीं आलेला मनुष्य कांहीं सांगूं लागला असतां आपण त्याचे उच्चार सुधारीत नाहीं. उत्तर मिळालें म्हणूनच तिसरें वाक्य आलें. लाल रेघ आधीं पडली असती, तर तें आलें असतें असें आम्हांला वाटत नाहीं. 'ण' आणि 'ळ' यांचा पाठ दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या शब्दांवरून, सर्व वर्गाला मिळून देतां आला असता. अडचण एवढीच कीं, छात्राध्यापिकेला त्या वर्गांत दुसरा दिवस नसतो. तिचा पाठ तासाच्या घंटेबरोबर संपला. वह्या वर्गशिक्षिकेच्या टेबलावर गेल्या, आणि त्या पुढें कोणत्या पेन्सिलीनें तपासल्या गेल्या, तें तिला कळलें नाहीं.