समासातील श्रद्धा

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या आठवणी, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून खातरजमा करून घेत, ‘लीळाचरित्रा’त ग्रथित केल्या, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाने पाठ सिद्ध केले, तेव्हा अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, हे मतभेद पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून संहितेतच नोंदविले. ग्रंथात वाचकाने आपली भर घालणे युरोपातही होते: फ्लॉरेन्सला १४८८ साली छापलेल्या ग्रीक होमराच्या आपल्या प्रतीचे समास गियोम ब्यूदे या फ्रेंच पंडिताने टिपणांनी भरले. परंतु होमर त्याचा देव नव्हता, आणि महानुभावांसाठी तर प्रत्येक लीळा ईश्वराचीच कृती होती. मग अशा पवित्र ग्रंथात पाठभेद दाखविणे हा श्रद्धाभंग ठरतो काय? माझ्या मते, मुळीच नाही. कारण ईश्वर पूर्ण असला तरी भक्ताची स्मृती अपूर्णच असते, आणि ही अपूर्णता मान्य करून दुसऱ्याच्या साक्षीलाही आपल्याइतकीच सनद देणे, हीच भक्तीची खरी कसोटी होय.