‘नाही’ आणि ‘सापडले नाही’

ब्रिटनमध्ये कुणीतरी टाकून दिलेले तान्हे मूल सापडले, तर ते कुठल्या देशाचे? १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याचे उत्तर माणुसकीचे आहे. विरुद्ध काही सिद्ध होत नाही तोवर ते मूल तिथेच जन्मले, त्याच्या आईबापांपैकी एक तरी नागरिक किंवा तिथे स्थायिक आहे, असे धरून चालायचे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये मारेक सरगॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी हा कायदा प्रोलॉग या संगणकीय भाषेत उतरवला. १९८६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘अमुक असेल तर तमुक’ हे प्रोलॉगला चांगले जमते. खरा पेच ‘सिद्ध होत नाही तोवर’ या शब्दांत होता. जे सिद्ध करता आले नाही ते खोटे, असे प्रोलॉग मानतो. पण उद्या त्या बाळाची आई सापडली तर आजचा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. जमिनीवर घडा नाही, हे कशावरून कळते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, तो दिसत नाही यावरून. न दिसणे हेच स्वतंत्र प्रमाण, अनुपलब्धी. नैयायिकांना ते वेगळे प्रमाण मान्य नाही. मात्र एक अट दोघेही सोडत नाहीत: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही.

वकिलाच्या टेबलावरचा संगणक ही अट सहज विसरतो. शोधात ‘कुलकर्णी’ टाकले, जुन्या दप्तरात ‘कुळकर्णी’ लिहिलेले. पडद्यावर येते: नोंद आढळली नाही. अशील ते ‘दावा नाही’ असे ऐकतो आणि जमिनीचा इसार देऊन मोकळा होतो.

याच्या उलटही घडते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. तिथे नसलेला घडा दिसला होता. पण तो चटकन उघडा पडला, कारण प्रतिपक्षाने ते निवाडे शोधून पाहिले. न सापडलेली नोंद कोण शोधणार? म्हणून अधिक धोका तिचाच.

वकिलांसाठी ॲप बनवणाऱ्यांनी एवढे करावे: ‘आढळले नाही’ या शब्दांखाली कोणती न्यायालये, कोणती वर्षे आणि नावाची कोणती रूपे तपासली, ते त्याच पडद्यावर छापावे. आणि वकिलांनी ते वाचल्याशिवाय अशिलाला ‘नाही’ म्हणू नये.