राहावें कीं निघावें?



गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आमच्या मंडळींतील एक वडील बाई माझ्या घरीं आल्या. त्यांची कन्या परिचारिकेचें शिक्षण पुरें करून शहरांतील एका रुग्णालयांत चाकरीस आहे. युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशांत दवाखाने चालविणाऱ्या एका परदेशी संस्थेकडे अर्ज करावा, असें तिच्या मनानें घेतलें होतें. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, तिथली लढाई संपली म्हणतात, मग माणसं मरतात कशी? आणि मरतात, तर ह्या संस्था तिथं राहतात कशाला?" मीं कांहींतरी उत्तर दिलें. तें सेवेच्या थोरवीविषयीं होतें, आणि ऐकावयास बरें होतें. परंतु बाई उठून गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्यांनीं जें विचारलें त्याचें उत्तर मीं दिलेंच नाहीं. म्हणून हा लेख लिहीत आहें.

त्यांचा पहिला प्रश्न आधीं घेऊं. लढाई संपली असें कोण म्हणतो? बहुधा जिंकणारा. सन २००३ च्या मे महिन्याच्या १ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनीं एका युद्धनौकेवरून इराकांतील मोठी लढाई संपल्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं त्यांचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनीं काबूल शहरीं अफगाणिस्तानाविषयीं तसेंच सांगितलें. त्यास चार महिने होण्यापूर्वींच, १९ ऑगस्ट रोजीं, बगदाद शहरांतील कॅनॉल हॉटेलांत असलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीपाशीं स्फोटकांनीं भरलेली मालमोटार उडविण्यांत आली, आणि राष्ट्रसंघाचे प्रतिनिधि सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ माणसें मेलीं. २७ ऑक्टोबर रोजीं रेड क्रॉसच्या बगदाद येथील कचेरीवर तीच पाळी आली.

असें कां होतें? लढाई चालू असतां निदान दोन सैन्यें असतात. वाट कोणाकडे मागावी हें ठाऊक असतें. तह झाल्यावर सैन्यें घरीं जातात, बंदुका मात्र गांवांत राहतात. कालचा शिपाई आज बेकार, कालचा सरदार आज आपल्या खोऱ्याचा राजा. आणि कोणाचाही शब्द पुढच्या वळणापलीकडे चालत नाहीं. चेचन्या देशांत १९९६ च्या ऑगस्टांत तह झाला. सप्टेंबरांत रेड क्रॉसनें नोवीये अतागी ह्या गांवीं रुग्णालय उघडलें. १७ डिसेंबरच्या रात्रीं मुखवटे घातलेल्या माणसांनीं आंत शिरून, निजलेल्या पांच परिचारिका व बांधकाम पाहणारा एक गृहस्थ अशा सहा जणांस गोळ्या घातल्या. नॉर्वे, कॅनडा, स्पेन, न्यूझीलंड, हॉलंड अशा दूरदूरच्या देशांचीं तीं माणसें. तह होऊन चार महिनेही झाले नव्हते. तेव्हां आईनें भ्यावें यांत कांहीं वावगें नाहीं.

तरी गरज सर्वांत मोठी असते ती त्याच दिवसांत. शेतांत पुरलेले सुरुंग तहनामा वाचीत नाहींत. अफगाणिस्तानांत रेड क्रॉसनें १९८८ पासून हातपाय गमावलेल्या लोकांसाठीं केंद्रें चालविलीं आहेत. काबूलच्या केंद्रांत आल्बेर्टो कैरो नांवाचे एक इटालियन गृहस्थ १९९० सालीं आले, आणि हें काम त्यांनीं आपलें आयुष्यच केलें. तेथें एक चाल पडली आहे, ती मला फार आवडते. कृत्रिम पाय घडविणारा, तो बसविणारा, चालावयास शिकविणारा, हे कामकरी बहुतेक पूर्वीचे रोगीच असतात. ज्याचा स्वतःचा पाय गेला आहे तोच नवीन आलेल्यास पहिलें पाऊल टाकावयास शिकवितो. असें काम वर्ष-दोन वर्षांत उरकत नाहीं. लहान मुलाचा कृत्रिम पाय तें मूल वाढेल तसतसा बदलावा लागतो. संस्था मध्येंच निघून गेली तर तें मूल पुनः जमिनीवर सरपटूं लागेल. राहावें असें म्हणणाऱ्यांची सर्व बाजू मला त्या एका मुलाच्या पायांत दिसते.

परंतु त्याच देशांत २०१७ च्या फेब्रुवारींत, बर्फानें गांजलेल्या लोकांच्या गुरांसाठीं सामान नेणारे रेड क्रॉसचे सहा कामकरी जौझजान प्रांतांत वाटेवर मारले गेले. सप्टेंबरांत मझार-इ-शरीफच्या केंद्रांत चाकांच्या खुर्चींत बसून आलेल्या एका रोग्यानें, त्याच केंद्रांत रोग्यांकडून व्यायाम करवून घेणाऱ्या एका स्पॅनिश बाईस गोळी घातली. ऑक्टोबरांत रेड क्रॉसनें उत्तरेकडील आपलें काम पुष्कळ आटोपतें घेतलें. काबूलचें केंद्र चालू राहिलें.

आपल्यांतील कित्येक उपदेशक बंधु अशा वेळीं योहानाच्या शुभवर्तमानांतील मोलकऱ्याचा दाखला काढितात, कीं लांडगा दिसतांच जो पळाला तो खरा मेंढपाळ नव्हे. दाखला खरा आहे. परंतु तो आपण स्वतःस लावावा म्हणून दिला आहे. छपराखालीं सुखरूप बसून दुसऱ्याच्या अंगावर फेंकण्यास नाहीं. त्याच शास्त्रांत पौलास दिमिष्काच्या गांवकुसावरून टोपलींत बसवून उतरविल्याचें लिहिलें आहे, आणि त्यास मोलकरी कोणीं म्हटलें नाहीं. १५२७ सालीं विटेनबर्ग शहरांत प्लेग आला तेव्हां लूथर तेथेंच राहिला. तरी मरीपासून पळावें कीं नाहीं ह्याविषयीं त्यानें जें पत्रक लिहिलें, त्यांत ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाहीं अशांनीं निघून जाण्यास त्यानें दोष दिला नाहीं. कोण कोणावर टेकून उभा आहे, एवढेंच त्यानें पाहिलें.

आतां ज्या संस्थेच्या निघण्याविषयीं पुष्कळ बोललें गेलें, तिची हकीकत सांगतों. 'मेदसां सां फ्रोंतिएर', म्हणजे 'सीमा न मानणारे डॉक्टर', ही संस्था १९८० पासून अफगाणिस्तानांत होती. रशियाचें सैन्य, आपसांतील यादवी, तालिबानचें राज्य, ह्या सर्वांत ती राहिली. आणि युद्ध संपलें असें जाहीर झाल्यावर निघाली! २ जून २००४ रोजीं बादघीस प्रांतांत तिची मोटार अडवून पांच जणांस ठार केलें. तिघे युरोपांतले, दोघे अफगाण. जुलैअखेर संस्थेनें कळविलें कीं, आपण देश सोडतों. २४ वर्षांचें काम, सुमारें ८० परदेशी व १,४०० अफगाण कामकरी, सर्व आटोपलें.

त्यांस भ्याड म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांनीं दिलेलीं कारणें पाहावीं. खून करणाऱ्यांस पकडण्याचा सरकारनें मनापासून यत्न केला नाहीं, हें एक. तालिबानच्या एका प्रवक्त्यानें ह्या डॉक्टरांस अमेरिकेचे हस्तक ठरविलें, हें दुसरें. तिसरें कारण मला सर्वांत जड वाटतें. देशाच्या दक्षिण भागांत परकीय सैन्यानें पत्रकें वांटलीं होतीं कीं, मदत चालू राहावयास पाहिजे असेल तर तालिबानची बातमी द्या. एका हातीं धान्य आणि दुसऱ्या हातीं चौकशी, असें एकदां झालें म्हणजे पुढें जो कोणी धान्य घेऊन येईल त्याच्या दुसऱ्या हाताकडेच लोक पाहणार.

हें आपल्या लोकांस समजावयास कठीण नाहीं. १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपले कित्येक पणजे-खापरपणजे मिशनच्या अन्नावर जगले. पुढें ते ख्रिस्ती झाले तेव्हां 'पोटासाठीं बाटले' हा टोमणा त्यांनीं जन्मभर ऐकिला, आणि आपणही ऐकितों. पुष्कळांचा विश्वास खरा होता. तरी ताटाशेजारीं अट ठेविलेली आहे असा नुसता संशय आला, तरी देणारा व घेणारा या दोघांचीही अब्रू जाते. आमचें टोमण्यावर निभावलें. तेथें गोळीवर जातें.

ह्यास्तव २००४ सालचें तें निघणें मला योग्य वाटतें. ते राहिले असते तर सैन्याचेंच एक अंग म्हणून राहिले असते. २००९ सालीं संस्था परत आली, तेव्हां रुग्णालयांत कोणाचेंही शस्त्र येऊं द्यावयाचें नाहीं, ह्या नियमावर आली.

परंतु दश्त-इ-बर्चीविषयीं माझें मन असें स्वच्छ नाहीं. काबूल शहराच्या ह्या भागांत बहुतेक हजारा लोकांची वस्ती आहे. तेथें ह्याच संस्थेचें प्रसूतिगृह होतें. २०१९ या एका वर्षांत तेथें सुमारें १६,००० बाळंतपणें झालीं. १२ मे २०२० रोजीं सकाळीं बंदुकधारी आंत शिरले. त्या दिवशीं जे मेले त्यांत १६ माता होत्या, एक सुईण होती, दोन लहान मुलें होतीं. परदेशी मनुष्य शोधावा असा त्यांचा हेतु दिसला नाहीं. खाटेवर निजलेल्या बायकाच त्यांस पाहिजे होत्या. हल्ला चालू असतां, बंद दाराआड लपलेल्या एका बाईस तेथेंच बाळ झालें. जून महिन्यांत संस्थेनें तें प्रसूतिगृह सोडलें. देशांतील इतर कामें सोडलीं नाहींत. आपल्या दाराशीं बोलावून रोग्यास मरणाच्या हातीं द्यावयाचें असेल तर तें दार उघडें ठेवणें दया नव्हे, असें मी म्हणतों. आणि पुढच्याच क्षणीं मनांत येतें कीं, जुलै महिन्यांत त्या वस्तींतील ज्या बायकांचे दिवस भरले त्या कोठें गेल्या असतील?

एका आठवड्यानें मी त्या बाईंच्या घरीं गेलों आणि हें सर्व जमेल तसें सांगितलें. बादघीसच्या पांच जणांविषयीं ऐकून त्या थोडा वेळ उगीच राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यातले दोघे तिथलेच होते म्हणता. त्यांच्या आया कुणाला विचारायला गेल्या असतील?"

खरें सांगतों, ह्या बाजूनें मीं पाहिलेंच नव्हतें. राहावें कीं निघावें असा वाद आपण घालितों, तो निघूं शकणाऱ्यांपुरताच. जो मोटार हांकितो, जो औषधांच्या पेट्या उचलितो, जी दुभाष्याचें काम करिते, त्यांस निघावयास जागा कोठें? जगांत मदतीच्या कामावर जे मारले जातात त्यांत बहुसंख्य त्या त्या देशाचेच रहिवासी असतात. वर्तमानपत्रांत मात्र मोठ्या अक्षरांत परक्याचेंच नांव येतें. बगदादच्या हल्ल्यांनंतर पुष्कळ संस्थांनीं आपलीं परदेशी माणसें जॉर्डन देशांत अम्मान शहरीं नेलीं, आणि काम इराकी लोकांच्या हातून चालू ठेविलें. आम्ही निघालों नाहीं असें त्यांस म्हणतां आलें, हें खरें. पण धोका गेला नाहीं, तो फक्त ज्यांचा पगार थोडा त्यांच्या वांट्यास गेला.

शोमरोन्याचा दाखला मीं किती वेळां सांगितला असेल! यरुशलेमेहून यरीहोस जाणारी ती वाट. लुटारू नुकतेच गेलेले, पण फार दूर गेलेले नाहींत. शोमरोनी थांबला, जखमा बांधिल्या, त्या मनुष्यास जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें. आणि दुसऱ्या दिवशीं तो निघून गेला. हें आपण उपदेशांत सांगत नाहीं. जखमी मनुष्याजवळ मागें राहिला तो उतारशाळेचा रक्षक. त्याचें नांव नाहीं, त्यावर कोणी उपदेश करीत नाहीं, आणि लुटारू परत आले असते तर त्याच्याच दारीं आले असते. शोमरोन्याचें निघणें निंद्य ठरत नाहीं, कारण जातांना त्यानें दोन नाणीं हातावर ठेविलीं, अधिक खर्च होईल तो भरून देण्याचें वचन दिलें, आणि परत येण्याचें सांगितलें. त्या रक्षकावर सर्व भार टाकून तो गुपचूप गेला असता, किंवा दूर यरीहोंत बसून रक्षकाकडून रोज हिशेब मागविला असता, तर त्याचा दाखला कोणीं दिला असता?

मला वाटतें, संस्थेनें राहावें कीं नाहीं हें ठरविणाऱ्यांत त्या रक्षकाचा शब्द पहिला असावा. येथें राहा, आम्ही तुम्हांस सांभाळतों, असें गांव म्हणत असेल तर राहावें, जीव गेला तरी; कांकीं तेथें मेलेल्या माणसास निदान रडणारे असतात. २००४ सालीं बगदादेंत केअर संस्थेच्या मार्गारेट हसन यांस पळवून नेलें, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं रुग्णालयांतले आजारी लोक रस्त्यावर आले. जन्मानें त्या आयर्लंडच्या. पण तीस वर्षें इराकांत राहून त्या तेथल्याच झाल्या होत्या. त्या सुटल्या नाहींत, आणि केअर संस्थेनें तेथील आपलें काम थांबविलें. ह्याचा दोष मी तिला देत नाहीं.

आणखी एक गोष्ट. २०२१ सालीं तालिबानचें राज्य परत आलें तेव्हां गोळीचें भय कमी झालें. पण २४ डिसेंबर २०२२ रोजीं मदतसंस्थांत बायकांनीं काम करूं नये असा हुकूम निघाला. कित्येक संस्थांनीं दुसऱ्याच दिवशीं काम थांबविलें, कारण ज्या देशांत परपुरुषानें बायकांस भेटूं नये, तेथें बायकांवांचून बायकांपर्यंत मदत पोंचणार कशी? आरोग्याच्या कामास पुढें सूट मिळाली, तेव्हां कांहींनीं तेवढें पुनः चालू केलें. भांडून, थोडें मिळवून, तेवढ्यांत काम करणें हें शोभिवंत नाहीं; तरी त्या दिवसांत जन्मलेल्या बाळांस तें चाललें.

त्या मुलीस अर्ज करूं नको असें मीं सांगितलें नाहीं, आणि कर असेंही सांगितलें नाहीं. तिच्या आईच्या बोलण्यावरून आम्हीं तिघांनीं बसून तीन प्रश्न लिहिले, ते तिनें संस्थेस पाठविले. निघावयाचें कीं राहावयाचें हें तेथें असलेले लोक ठरवितात कीं दूरच्या कचेरींतले? मला विमानांतून बाहेर काढलें तर आमच्या मोटारीचा चालक कोठें जाईल? आणि आम्ही दोघेही मेलों, तर माझ्या आईस जें मिळेल तेंच त्याच्या आईस मिळेल काय? पगार व विमानाचें भाडें ह्यांविषयीं सविस्तर उत्तर आलें आहे. पहिल्या प्रश्नाचेंही आलें, आणि तें बरें आहे. उरलेल्या दोहोंचें अद्याप नाहीं. मुलीनें पुनः पत्र लिहिलें आहे.