पहिला किलोमीटर आणि पंचविसावा श्लोक



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २३ ते २५. त्यातल्या पंचविसाव्यावर जरा जास्त वेळ थांबू.

या तीन श्लोकांत भगवंत कर्माचे तीन प्रकार सांगतात : सात्त्विक, राजस आणि तामस. तामस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुपारी बारापर्यंत अंथरुणात लोळणारा माणूस येतो. पण पंचविसावा श्लोक नीट वाचा. तिथला माणूस झोपलेला नाहीये. तो उठलाय, तयार झालाय, कामाला सुरुवातही केलीय. दोष आहे तो या सुरुवातीतच. चार गोष्टी न बघता, मोहाच्या भरात त्याने आरंभ केला. अनुबंध, म्हणजे यामागून काय येणार. क्षय, म्हणजे खर्च किती होणार. हिंसा, म्हणजे दुखावणार कोण. आणि पौरुष, म्हणजे माझी स्वतःची ताकद किती.

थंडी सुरू झाली की मला हा श्लोक हमखास आठवतो, कारण रविवारच्या रेस सुरू होतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, आणि तिच्या आगेमागे जवळजवळ प्रत्येक शहरात कुठली ना कुठली टेन-के. तुमच्यापैकी बरेच जण धावता. एका ताईने मेसेज करून विचारलंय की रेसमध्ये नाम घ्यावं की घड्याळ बघावं. प्रश्न छान आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी सुरुवातीची रेघ डोळ्यांसमोर आणा. पहाटेचा अंधार, छातीवर बिब, स्टेजवर झुंबा, स्पीकरचा धडधडाट, डोक्यावर ड्रोन. थ्री, टू, वन... आणि सगळे सुटतात. तुम्ही ठरवलेलं असतं की दहा किलोमीटर साठ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं. पहिला किलोमीटर संपतो आणि घड्याळ दाखवतं सव्वापाच. दम लागलेला नाही, पाय हलके आहेत. मनात येतं, आज आपला दिवस आहे!

खरं तर तो आपला दिवस वगैरे काही नसतो, शरीराने अजून बिल फाडलेलं नसतं एवढंच. स्नायूंमध्ये थोडी तयार ऊर्जा साठवलेली असते, ती वापरायला ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही. श्वास आणि हृदय या नव्या मागणीपर्यंत पोचायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. तेवढ्या वेळात सहाचा वेग आणि सव्वापाचचा वेग जवळजवळ सारखाच वाटतो. वर गर्दीची ओढ असतेच. मोह हा शब्द भगवंतांनी किती नेमका वापरलाय बघा. मोहात माणसाला चुकीचं काही करतोय असं वाटत नाही, उलट सगळं छान चाललंय असंच वाटतं.

आता अनुबंध. समजा पहिल्या किलोमीटरला पंचेचाळीस सेकंद वाचवले. चौथ्या-पाचव्यापर्यंत कसंबसं जमतं, मग पाय जड होतात आणि शेवटचे चार किलोमीटर सहा-चाळीसने जातात. चार वेळा चाळीस, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद गेले. पंचेचाळीस कमावले आणि एकशे साठ घालवले! सुरुवातीला वाचवलेला वेळ ‘बँकेत टाकला’ असं धावणारे म्हणतात, पण ही बँक फार वाईट व्याज लावते. क्षयाचंही तेच. फुल मॅरेथॉनमध्ये वाटेत जेल, केळं, थोडं सावरायला वेळ तरी असतो. टेन-केमध्ये, आणि फाइव्ह-केमध्ये तर त्याहून जास्त, झेपण्यापलीकडचा खर्च एकदा झाला की तो भरून काढायचा रस्ता एकच, वेग कमी करणं. पाण्याच्या टेबलावर वेग मिळत नाही.

हिंसा या शब्दापाशी बरेच जण म्हणतील, धावण्यात कसली हिंसा? पोटरीला विचारा. गुडघ्याला विचारा. शिवाय बाजूचाही एक माणूस आहे. वेगवान लोकांच्या रांगेत घुसून मग पाचशे मीटरवर चौघांनी हात धरून चालायला लागणं, सेल्फीसाठी मध्येच थांबणं, कोपराने वाट काढणं. मागून येणारा कुणी महिनोन्महिने पहाटे उठून तयारी करून आलेला असतो. त्याची रेस आपण तुडवतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. न बघता केलेलं म्हणजे हेच.

राहिलं पौरुष. माझ्या मते चारांत सगळ्यात अवघड हेच. कारण इथे जे बघायचंय ते आपण स्वतः आहोत. माझी आजची ताकद म्हणजे कॉलेजात होती ती नाही. ऑफिसमधल्या मित्राच्या स्ट्राव्हावर दिसते ती नाही. मला हवी आहे ती तर नाहीच नाही. गेल्या दोन महिन्यांत किती धावलो, काल रात्री किती झोपलो, आज हवेत दमटपणा किती, यांच्या बेरजेतून जी निघते ती. गंमत अशी की नम्र माणसालाही ती अचूक सांगता येत नाही, तो कमी सांगतो. स्वतःला कमी लेखणं म्हणजेही न बघणंच.

मोठमोठ्यांचाही हा हिशोब चुकतो. २०१७ च्या मार्चमध्ये युगांडात, कंपाला इथे, जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. अंतर साधारण दहा किलोमीटर, रस्त्याऐवजी माती-गवत. युगांडाचाच विशीतला जोशुआ चेप्तेगेई घरच्या प्रेक्षकांसमोर भरपूर आघाडी घेऊन शेवटच्या फेरीत शिरला, आणि त्या फेरीत त्याचे पाय अक्षरशः संपले. एकामागून एक लोक पुढे गेले. तो तिसावा आला. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ मध्ये डेन्मार्कला त्याने हीच स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅलेन्सियाच्या रस्त्यावर दहा किलोमीटर २६ मिनिटं ३८ सेकंदांत, तेव्हाच्या जागतिक विक्रमी वेळेत धावला. किलोमीटरला साधारण दोन-चाळीस! कंपालात त्याच्या मनात काय चाललं होतं ते तोच जाणे, पण ताकद त्याच्याकडे तेव्हाही कमी नव्हती एवढं नक्की.

आता ताईंचा प्रश्न. पहिले दोन किलोमीटर नाम घ्या, हळू आवाजात, ओठ हलवून. ‘विठ्ठल विठ्ठल’ असं सलग चार-पाच वेळा म्हणता आलं तर वेग ठीक आहे. दुसऱ्याच विठ्ठलाला श्वास तुटत असेल तर घड्याळ काहीही म्हणो, तुम्ही जास्त वेगात आहात. उंच इमारतींच्या मधे घड्याळाचा जीपीएस तसाही गडबडतो. नामाचा असा स्पीडोमीटर करणं काहींना हलकं वाटेल. मला नाही वाटत. साठ मिनिटांचं लक्ष्य असेल तर हे पहिले दोन किलोमीटर सहा-पाचने जाऊ द्या. लोक पुढे जातील, जाऊ द्या. तिसऱ्यापासून सहाला या. ते दहा सेकंद शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये आरामात परत मिळतात. तेव्हा आवाजात नाम निघणार नाही, आणि निघूही नये. तिथे ते आत चालू राहील.

हा शेवटचा भाग मुद्दाम सांगतोय, कारण एवढं ऐकून बरेच जण भलताच अर्थ काढतात. म्हणे, गीता सांगते शांत राहा, स्पर्धा करू नका, मजेत धावा. गीता असं म्हणत नाही! ती रणांगणावर सांगितली गेली आणि ऐकणाऱ्याने शेवटी धनुष्य उचललं. याच अध्यायात थोडं मागे या, आठव्या श्लोकावर. शरीराला कष्ट होतील या भीतीने जो कर्म सोडतो, त्याचा तो त्याग राजस, आणि त्यागाचं फळ त्याला मिळत नाही.

हा श्लोक सातव्या किलोमीटरचा आहे. तोवर तुम्ही नीट हिशोबाने आलेले असता. मग श्वास वर येतो, मांड्या जळायला लागतात, आणि मन अतिशय समजूतदार आवाजात बोलायला लागतं. ‘टायमिंगचं काय एवढं? आपण कुठे ऑलिंपिकला चाललोय? निष्काम भावनेने धावूया.’ हा आवाज ओळखा. दुखतंय म्हणून सोडायचंय आणि त्याला निष्काम असं नाव द्यायचंय. आपल्या भक्तमंडळींत ही पळवाट फार लोकप्रिय आहे, रस्त्यावरही आणि ऑफिसातही. फळाची आसक्ती सोडायला सांगितलीय, शेवटचे तीन किलोमीटर सोडायला नाही. पौरुष खरंखुरं बघितलं असेल तर आता ते पुरतं वापरायचं, हाही त्या बघण्याचाच भाग आहे.

(एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मांडीतली जळजळ आणि धाप हे कष्ट. छातीत दुखणं, गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी हे कष्ट नाहीत. तिथे लगेच थांबायचं आणि मेडिकलवाल्यांना हाक मारायची. त्यावेळी कुठलाही श्लोक आठवू नका.)

आपल्या वारीत हे दोन्ही श्लोक चालताना दिसतात. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. नेहमीच्या बैलांचा अपमान होईल असं कुणी म्हणत नाही. चढ केवढा आणि ताकद केवढी, हे बघून ठरतं. दिंडीत कुणी पहिल्याच दिवशी पंढरपूरकडे पळत सुटत नाही. टाळाच्या ठेक्यावर पाऊल. पण मग माळशिरस सोडून वेळापूरकडे येताना उतार लागतो, तिथे धावा होतो. तुकोबांना त्या टेकडीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. दोनशेच्या आसपास किलोमीटर पायाखालून गेल्यावर, पायाला फोड आलेले, साठी-सत्तरीचे वारकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया त्या उतारावर धावतात. ‘आता दमलोय, निष्काम भावनेने चालूया’ असं तिथे कुणी म्हणताना ऐकलं नाही मी.

चोविसावा श्लोक थोडक्यात. तिथलं राजस कर्म म्हणजे अहंकाराने, प्रचंड ओढाताण करत केलेलं. वेग अगदी बरोबर असूनही रेस राजस होऊ शकते. दर दोनशे मीटरला मनगट वर, पुढच्या लाल टीशर्टवाल्याचा राग, फिनिश लाइन ओलांडल्यावर पहिलं काम अपलोड. ज्यांना लागू आहे त्यांना कळलं असेल.

आणि तेविसाव्यातला सात्त्विक धावणारा कसा दिसतो? बाहेरून वेगळा दिसत नाही, हीच अडचण आहे. तोही घामाघूम, तोही शेवटच्या दोनशे मीटरला तोंड वाकडं करून धावतो. साठऐवजी घड्याळात एकसष्ट मिनिटं दहा सेकंद दिसले तर पाच मिनिटं हळहळतोही. मग बूट सैल करतो, चहा शोधतो, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवायला कठड्याशी जाऊन उभा राहतो.

उद्या सव्विसावा श्लोक घेऊ, तिथे भगवंत कर्माकडून कर्त्याकडे वळतात. या रविवारी ज्यांची रेस आहे त्यांनी शनिवारी रात्री लवकर झोपा. त्या दिवशीचं वाचन सोमवारी केलंत तरी चालेल. आणि पहिल्या दोन किलोमीटरला विठ्ठल किती वेळा म्हणता आलं ते मला नक्की कळवा, टायमिंग नंतर सांगा.

राम कृष्ण हरी.